हौद्यातला बर्फ

(पहाटेचा उजेड. ड्रॅग स्ट्रिपच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीच्या, फाटकाबाहेर ट्रेलरांची रांग. त्यांच्यात एक काळा पिकअप.)

बर्फाच्या पिशव्या सहा. प्रत्येकी साडेचार किलोची. त्यांच्या शेजारी ॲल्युमिनियमची एक टाकी, दोन जाड नळ्या आणि एक पंप. शर्यतीला आलेल्या या ट्रकच्या हौद्यात आज एवढंच सामान आहे.

ट्रक फोर्डचा. एफ-१५० लाइटनिंग, दुसरी पिढी, १९९९ ते २००४ या काळातली. ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याच्या डोक्यावर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर. यातले ११२ म्हणजे घन इंच. ब्लोअरच्या एका फेऱ्यात एवढी हवा पुढे ढकलली जाते, म्हणजे जवळजवळ १.८ लिटर. आधी ताकद ३६० अश्वशक्ती होती, २००१ पासून ३८० झाली. दोन टनांहून जड असलेला हा पिकअप कारखान्यातून बाहेर पडला तेव्हाही पाव मैल चौदा सेकंदांच्या आसपास कापायचा.

(बोनेट उघडतं. बेल्ट फिरू लागतो. ब्लोअरची शिट्टी वाढत जाते.)

हा आवाज ज्याच्या कानात बसला, त्याचा हात पहिल्यांदा जातो तो पुलीकडे. ब्लोअरची पुली लहान केली की रोटर जोरात फिरतात, दाब वाढतो, काटा वर चढतो. काम दुपारभरात उरकतं. या ट्रकचीही पुली बदलली आहे. पण पुलीनं हवेबरोबर आणखी काय वाढतं, ते बोनेटखाली दिसत नाही. हात लावला तर मात्र कळतं.

उष्णता. सायकलच्या टायरात हवा भरताना पंप तापतो, तसंच हे. मूळच्या आठ पौंड दाबाला ३० अंशांची हवा आदर्श यंत्रातसुद्धा ७० अंशांवर गेली असती. रूट्स जातीचा ब्लोअर आदर्श नाही. तो हवा पोटात दाबत नाही, नुसती पुढे लोटतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पोकळीत, कोंबतो. प्रत्यक्षात ती हवा शंभरीला टेकते. पुली लहान केली की त्याच्याही पुढे.

(इंजिनाची मधली खाच. कॅमेरा आत वाकतो.)

इंटरकूलर इथे आहे, ब्लोअरच्या पोटाखाली. दिसायला छोट्या रेडिएटरसारखा, फक्त याच्या नळ्यांत पाणी वाहतं आणि पत्र्यांमधून तापलेली हवा जाते. या पाण्याचा इंजिनाच्या कुलंटशी काही संबंध नाही. त्याचा पंप वेगळा, विजेवर चालणारा. पाणी आतली उष्णता उचलतं, गाडीच्या नाकाशी बसवलेल्या दुसऱ्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्यावर निवतं आणि परत येतं. रस्त्यावर एवढं पुरतं, कारण तिथे पॅडल तळाशी जातं ते दोन-चार सेकंदांपुरतंच.

ड्रॅग स्ट्रिपवर मात्र गाडी रांगेत उभी राहते. वारा नाही. दोन्ही बाजूंना नव्वद अंशांवर गेलेलं इंजिन, मध्ये हा इंटरकूलर. हवा गार करायची तर राहूच द्या, रांगेतल्या पंधरा मिनिटांत तो स्वतःच भाजून निघतो. दिवा हिरवा होतो तेव्हा खेळ अर्धा हरलेला असतो.

(वहीचं पान. पेन्सिलीनं लिहिलेले दोन आकडे: ५२, ८१.)

वही मालकांच्या लेकीकडे असते. पहिला आकडा गाडी निघतानाचा, दुसरा रेषा ओलांडतानाचा. इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं हे तापमान. मॅनिफोल्डमध्ये त्यासाठी कंपनीनंच सेन्सर दिलेला आहे, आणि इंजिनाचा संगणकही त्याच्यावर डोळा ठेवून असतो. हवा फार तापली की तो ठिणगीचं टाइमिंग मागे घेतो, इंजिन ठोकू नये, म्हणजे आत इंधन अवेळी पेटू नये म्हणून. पुलीनं जे दिलं, ते संगणक गुपचूप काढून घेतो. चालकाला कळतं ते इतकंच की आज गाडी जड वाटतेय.

म्हणून हा हौदा.

(गॅरेज. जमिनीवर नळ्यांचे तुकडे, क्लँप, करवतीचा बारीक चुरा.)

नाकाशी मोठा रेडिएटर लावता आला असता, मागे पंखे जोडता आले असते. दोन्ही चांगले उपाय. पण रेडिएटर कितीही मोठा असला तरी पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. बाहेर ३५ अंश असतील, तर तुमचं पाणी ३५ च्या खाली उतरायचं नाही. त्याच्याही खाली जायला बर्फच लागतो.

आणि बर्फाचा हिशोब थक्क करणारा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो. शून्य अंशांचं किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला लागते, जवळजवळ तेवढी. पूर्ण ताकदीला हे इंजिन सेकंदाला किलोच्या एक तृतीयांश हवा ओढतं. तिचे साठ अंश उतरवायचे म्हणजे वीसएक किलोवॅट उष्णता उचलायची. दोन किलोवॅटचे दहा हीटर एकदम लावावेत, तसं. पण धाव तेरा सेकंदांची! गुणाकार केला तर किलोभर बर्फसुद्धा पुरा वितळत नाही.

मग पिशव्या सहा कशाला? कारण धावेआधी सगळं लोखंड-ॲल्युमिनियम गार करावं लागतं. खरा बर्फ तिथे जातो.

(टाकीचं झाकण उघडतं. आत पांढरी वाफ.)

टाकी हौद्यात पुढच्या बाजूला, केबिनला टेकून. तळाशी बाहेर पडणारी नळी, तिच्या तोंडावर जाळी, नाहीतर बर्फाचा खडा थेट पंपात जायचा. परतीचं पाणी वरून येतं आणि भोकं पाडलेल्या आडव्या नळीतून बर्फावर शिंपडलं जातं. हे शिंपडणं पहिल्या खेपेला केलं नव्हतं. परतीचं गरम पाणी एका कोपऱ्यात पडून तसंच तळाच्या तोंडाशी पोचायचं, आणि वर बर्फ जसाच्या तसा.

नळ्या पाऊण इंची. त्या चेसिसच्या कडेनं पुढे नेल्या आहेत, एग्झॉस्टपासून शक्य तितक्या लांब, वर फोमचं वेष्टण. वाकण जिथे लागलं तिथे तयार कोपरे वापरले, कारण नळी मुरडून वळवली तर आतून दबते आणि पंपाची निम्मी मेहनत तिथेच संपते. पंपही बदलला. मूळ पंप मूळ अंतरासाठी होता. टाकीत बर्फ आणि नळीत पाणी मंद, असं असेल तर तो बर्फ शोभेचाच. नव्या पंपाला जाड तार, वेगळा रिले, वेगळा फ्यूज.

(दोन पितळी व्हॉल्व्ह. बोट एकाचा दांडा आडवा करतं.)

हे दोन व्हॉल्व्ह नीट पाहा. सगळ्या कामातली डोकेबाज गोष्ट हीच. टाकीतलं पाणी दोन अंशांवर असताना ते नाकाच्या रेडिएटरमधून फिरवलं, तर बाहेरची हवा त्याला गार करत नाही, तापवते. तोच रेडिएटर उलटा हीटर होतो. म्हणून स्ट्रिपवर व्हॉल्व्ह फिरवून तो वाटेतून काढून टाकायचा. घरी जाताना दांडे सरळ, रेडिएटर पुन्हा कामाला.

पाण्यात अँटिफ्रीझ नाही. ते मिसळलं की पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो. थंडीच्या दिवसांत मात्र साधं पाणी नळीत ठेवून चालत नाही, सगळं रिकामं करावं लागतं.

(पारदर्शक नळीचा तुकडा. बुडबुडा अडकतो, थरथरतो, मागे येतो.)

या बुडबुड्यानं एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. पंपाचा आवाज छान, टाकी गार, आणि इंटरकूलर तापलेलाच. यंत्रणेनं हवा धरली होती. गाडीचं नाक जॅकवर उचललं, सगळ्यात उंच जोड सैल केला. फुस्स. मग पाण्याची धार. परतीची नळी त्या क्षणी बर्फासारखी गार पडली.

(ट्रॅकची सकाळ. बोनेट उघडं, ब्लोअरवर टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी.)

इंजिन बंद, पंप चालू. पहिल्या पिशव्या अशाच जातात, लोखंड शांत करायला. टाकीतलं कोमट झालेलं पाणी काढायचं, नवा बर्फ, थोडं पाणी. निव्वळ बर्फ घालून उपयोग नाही, पंपाला उचलायला पाणीच लागतं. टाकी, पाणी, बर्फ मिळून चाळीस-पन्नास किलो वजन मागच्या बाजूला आलं. पिकअपचा हौदा एरवी रिकामा, मागची चाकं सुटताना नुसती घसरतात. तिथे हे वजन पथ्यावरच पडतं.

(बर्नआउट: टायर तापवायला चाकं जागीच फिरतात. धूर. ख्रिसमस ट्रीचे, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या दिव्यांच्या खांबाचे, पिवळे दिवे.)

(हिरवा. निवेदन थांबते. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत.)

(वहीचं तेच पान. खाली नवे आकडे: १९, ४३.)

८१ अंशांच्या जागी ४३. तेवढ्याच दाबाला ही हवा बारा टक्के दाट. गंमत अशी की दाबाचा काटा या धावेत थोडा खाली होता. काट्याला भुलणाऱ्यांना हे पटत नाही. आकसलेली हवा सिलिंडरमध्ये सहज शिरते, मॅनिफोल्डमध्ये कमी तुंबते. काटा दाखवतो ती तुंबलेली हवा, इंजिनानं गिळलेली नव्हे.

(खिडकीतून हात बाहेर. छापील चिठ्ठी: १२.४४. तिच्याखाली धरलेली जुनी: १२.७९.)

मधे पुली बदललेली नाही. दाट हवेला इंधन जास्त लागतं, म्हणून ट्यूनिंग नव्यानं करावं लागलं. गिअरबॉक्स एकदा उतरवून झाला आहे. आणि एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमानं, या काळातल्या गाडीनं ११.४९ सेकंद गाठले की रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी पोलादी चौकट, लागतो. ते पुढचं पुढे.

(लेक बोनेटवर वाकून ब्लोअरला तळहात लावते. काढत नाही.)

(हौदा. दोन पिशव्या उरलेल्या. टाकीतून पाणी सोडलं जातंय.)

पुढची फेरी चाळीस मिनिटांनी. बोनेट उघडंच राहणार, पंप चालूच.