अध्यासनासाठी देणगी मागायची ती अशी

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या 20 भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने 2000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचं व्याज 240, म्हणजे भिक्षूमागे 12. अटही कोरलेली आहे: मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. अशा ठेवीला तिथे शब्द आहे ‘अक्षयनीवी’. देणगीतून उभं राहणारं प्राध्यापकपद, म्हणजे अध्यासन, याच हिशेबावर चालतं.

तर आजचा हिशेब मांडू. सातव्या वेतन आयोगानुसार प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना 1,44,200 रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं; शिवाय एक संशोधन सहाय्यक, पुस्तकं, प्रवास. वर्षाला 40 लाख धरून चला. बँक 7 टक्के देते असं मानलं, तर पावणेसहा कोटींत भागेल असं कागदावर दिसतं. पण इथेच घात होतो. खर्च दरसाल 3 टक्क्यांनी वाढला तरी वीस वर्षांत तो पावणेदोन पटीच्या वर जातो आणि व्याज मात्र तेवढंच राहतं. मग पद रिकामं पडतं आणि अध्यासनाच्या नावावर वर्षाकाठी एक व्याख्यान उरतं. म्हणून 7 पैकी 4 टक्केच खर्चायचे आणि 3 टक्के मुद्दलात परत टाकायचे. त्यासाठी 10 कोटी लागतात. देणगीदाराला हाच आकडा सांगा. संकोचाने कमी मागणं ही त्याचीच फसवणूक होते.

दहा-दहा हजारांनी 10 कोटी जमवायचे तर दहा हजार माणसं लागतील. म्हणून जाहीर आवाहनाआधी दोन-चार मोठे देणगीदार गाठा आणि निम्मी रक्कम त्यांच्याकडून लेखी कबूल करून घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाताना एक ध्यानात ठेवा: 2021 च्या बदलानंतर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा अशा कायम निधीत घालता येत नाही. त्यांच्याकडे प्रयोगशाळेची उपकरणं किंवा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या मागा. मुद्दल व्यक्तींकडून यायला हवं. देणगीवरची 80जी ची आयकर सवलत सांगताना हेही सांगा, की 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही. हे नंतर कळलं की माणूस दुखावतो, आणि ते योग्यच आहे.

विषय कसा मांडायचा? ‘कृषी विकास’ म्हटलं तर कोणी मान वर करून पाहणार नाही. कांदाचाळीत साठवलेला कांदा का सडतो, कोंब का फुटतात, हे शोधणारं साठवणशास्त्राचं अध्यासन म्हणा. लासलगावचा व्यापारी खुर्ची पुढे ओढून बसेल. मात्र विषय एका वाणापुरता अरुंद केलात तर पुढच्या पिढीत त्या पदाला माणूस मिळणार नाही.

एका माणसाने काय होतं, असं कोणी विचारलं तर कलकत्त्याचं उदाहरण द्या. तारकनाथ पालित यांच्या देणगीतून तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद निर्माण झालं. सरकारी अर्थखात्यातली नोकरी सोडून 1917 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन त्या पदावर आले. 1928 चा शोध आणि 1930 चं नोबेल, दोन्ही ते त्या पदावर असतानाचं.

करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. नाव देणगीदाराचं, निवड विद्यापीठाच्या निवड समितीची. ‘आमचा माणूस घ्या’ ही अट आली तर देणगी नाकारायची. मुद्दल वेगळ्या खात्यात, आणि विद्यापीठाला कितीही चणचण असली तरी त्याला हात नाही. दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करायचा. उषवदातानेही आपलं दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करून फलकांवर नोंदवलं होतं.

आणि पदाची जाहिरात पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्या. हप्ते यायचे असतील तोवर जमलेल्या व्याजातून एखाद्या सत्रासाठी अतिथी प्राध्यापक बोलवावा. कायम नेमणूक करू नये.