चार जुलै, हार्नी काउंटी : कोरड्या आभाळाचा अंदाज

[दृश्य : महामार्ग क्रमांक २०. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत करड्या-हिरव्या सेजब्रशची झुडपं.]

ऑरेगन राज्यातलं बेंड शहर मागे टाकून पूर्वेला निघालं की पुढचं मोठं गाव बर्न्स. मध्ये सुमारे २१० किलोमीटर. ‘मोठं’ हे इथल्या हिशोबाने. बर्न्स ज्या हार्नी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, तिचं क्षेत्रफळ साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सात गोवे मावून थोडी जागा उरेल. आणि २०२०च्या जनगणनेत तिथली माणसं किती? साडेसात हजारांच्या आसपास.

हा ऑरेगनचा हाय डेझर्ट, उंचावरचा वाळवंटी मुलूख. चार जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. तो शनिवार-रविवारला लागून आला की पोर्टलंडकडची माणसं तंबू आणि शीतपेट्या गाडीत टाकून कॅस्केड पर्वत ओलांडतात. हिल्सबरो-बीव्हर्टन भागात चिप बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबंही त्या गर्दीत असतात. निघण्याआधी सगळे फोनवर हवामान बघतात. पिवळा सूर्य, खाली ८७ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम ३१ अंश सेल्सिअस. नागपूरच्या माणसाला तर हसूच येईल.

पण इथल्या अंदाजात दुपारचं तापमान ही सगळ्यात कमी कामाची ओळ आहे. कामाच्या ओळी तिच्या खाली असतात.

[दृश्य : कॅस्केडची बर्फाळ शिखरं. पश्चिमेला घनदाट फर वृक्ष, पूर्वेला उघडं माळरान.]

आधी हा मुलूख कोरडा का, ते पाहू. प्रशांत महासागरावरून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिम उतारावर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पर्वताच्या पलीकडे उतरणारी हवा तापते, सुकते. पोर्टलंडला वर्षाला ३६ इंचांच्या आसपास पाऊस, तर बेंड आणि बर्न्सला दहा-बारा इंच. सह्याद्री आणि माणदेश यांचं जे नातं आपण शाळेत पर्जन्यछायेच्या धड्यात शिकलो, तेच हे नातं. फरक एवढाच, की इथे जो काही पाऊस-बर्फ पडतो, तो बहुतेक हिवाळ्यात आणि वसंतात. जुलै हा कोरड्या दिवसांचा महिना.

आता अंदाजाची पहिली कामाची ओळ : रात्रीचं किमान तापमान.

बर्न्स समुद्रसपाटीपासून सुमारे १,२६० मीटर उंचीवर, एका विस्तीर्ण खोलगट प्रदेशात वसलेलं आहे. हवेतली वाफ रात्री जमिनीवर गोधडीसारखं काम करते. इथे ती गोधडीच नाही. सूर्य मावळला की दिवसभराची ऊब निरभ्र आभाळात निघून जाते, आणि आजूबाजूच्या उतारांवरून जड, थंड हवा ओघळून खोलगट भागात साचते. जुलैतल्या साध्या दिवशी दुपारी तिशी आणि पहाटे आठ-दहा अंश, हे इथे नेहमीचं. जुलैत पारा शून्याखाली गेल्याचीही नोंद आहे. ‘उन्हाळाच तर आहे’ म्हणून पातळ चादरी घेऊन आलेलं कुटुंब पहाटे तीन वाजता गाडीत बसून हीटर लावतं.

[दृश्य : स्टीन्स पर्वताचा पूर्वेकडचा कडा. खाली अल्वॉर्डचं पांढरं, सपाट मैदान.]

दुसरी गोष्ट, अंदाज नेमका कुठला? राष्ट्रीय हवामान सेवेच्या नकाशावर तुम्ही बोट ठेवाल त्या छोट्या चौकोनाचा अंदाज मिळतो, आणि इथे तो चौकोन नीट निवडावा लागतो. बर्न्सच्या दक्षिणेला स्टीन्स पर्वत आहे, २,९६७ मीटर उंच. त्याचा माथा आणि पायथ्याचं अल्वॉर्ड वाळवंट यांत दीड किलोमीटरहून जास्त उंचीचा फरक. कोरड्या हवेत दर किलोमीटर चढाईला तापमान जवळपास दहा अंशांनी उतरतं. त्यामुळे खाली उन्हाने डोळे दिपत असताना वरच्या घळींत जुलैतही बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. माथ्याला वळसा घालणाऱ्या रस्त्याची फाटकं बर्फ वितळेल तशी टप्प्याटप्प्याने उघडतात. काही वर्षी चार जुलैला वरचं फाटक बंदच असतं.

अल्वॉर्ड म्हणजे आटलेल्या तळ्याचा तळ. स्टीन्सच्याही पर्जन्यछायेत असल्याने तिथे बर्न्सहूनही कमी पाऊस. १९७६ साली किटी ओ’नील हिने याच सपाटीवर रॉकेटच्या तीनचाकीने ताशी ५१२ मैलांचा वेग गाठला होता. सुट्टीत इथे तंबू पडतात. मैदान कोरडं असेल तर फरशीसारखं कठीण. पण एखादी सर आली तर वरचा थर चिकट चिखल होतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. मोबाइलला रेंज नसते. गाडी ओढून काढणारा बराच लांबून येतो आणि त्याचे पैसेही तसेच घेतो.

[दृश्य : वाळलेलं पिवळं गवत, वाऱ्याने झुकलेलं. जवळून.]

तिसरी ओळ वारा आणि हवेतल्या आर्द्रतेची. खरा अंदाज इथे सुरू होतो, कारण या सुट्टीचा हवामान अंदाज म्हणजे मुख्यतः वणव्याचा अंदाज.

दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता पंधरा टक्क्यांपर्यंत, कधी त्याच्याही खाली जाते. सेजब्रशच्या मधल्या मोकळ्या जागेत चीटग्रास नावाचं गवत पसरलं आहे. ते मूळचं युरोप-आशियाचं, एकोणिसाव्या शतकात इकडे आलं. ते लवकर उगवतं आणि उन्हाळा लागता-लागता वाळून कोळ होतं. वसंतात पाऊस चांगला झाला तर हे गवत जास्त माजतं आणि जुलैत जाळायला जास्त माल मिळतो. चांगल्या पावसाचा असाही त्रास असतो!

कोरडी हवा, वाळलेलं गवत आणि जोराचा वारा एकत्र येण्याची चिन्हं असली की ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा, निघतो. हार्नी काउंटीसाठी तो काढतं राष्ट्रीय हवामान सेवेचं शेजारच्या आयडाहो राज्यातलं बॉइसी कार्यालय. बॉइसीचं घड्याळ बर्न्सच्या एक तास पुढे, म्हणून इशाऱ्यात दोन्ही वेळा छापलेल्या असतात. घाईत वाचणारा हमखास चुकीची वेळ उचलतो.

[दृश्य : दुपारचे उंच ढग. त्यांच्या खाली लोंबणाऱ्या पावसाच्या झालरी, जमिनीपर्यंत न पोचणाऱ्या.]

आणि चौथी ओळ : ‘मेघगर्जनेची शक्यता १५ टक्के.’

जुलैत मेक्सिकोच्या बाजूने दमट हवेचा एक ओघ उत्तरेकडे सरकतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. त्याची शेपटी ऑरेगनच्या या कोपऱ्यापर्यंत आली की दुपारी ढग उभे राहतात. पण त्यांचा तळ फार उंच असतो. पाऊस निघतो खरा, पण कोरड्या हवेत वाटेतच आटतो. जमिनीवर येते ती वीज, आणि आटणाऱ्या पावसाने थंड होऊन धाडकन खाली कोसळलेली हवा. तो झोत जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो, ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने. धुळीची भिंत उठते, तंबू उडतात. वळवाची सगळी आदळआपट, फक्त पाणी नाही.

त्या १५ टक्क्यांचा अर्थही समजून घ्यायला हवा. ती शक्यता तुम्ही बोट ठेवलेल्या जागेपुरती असते. साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटरच्या काउंटीत कुठेतरी गडगडाट होण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. तंबूवाल्यासाठी १५ टक्के म्हणजे ‘बहुधा काही नाही’. अग्निशमन दलासाठी ‘बहुधा कुठेतरी आहेच’. त्यात भर म्हणजे रडार. बॉइसीच्या रडारचा किरण सरळ जातो आणि गोल पृथ्वीची जमीन त्याच्याखाली उतरत जाते. बर्न्सपर्यंत पोचेतो तो कित्येक किलोमीटर उंच गेलेला असतो. खालच्या थरात काय चाललंय, ते त्याला धड दिसत नाही.

[दृश्य : जळून काळं पडलेलं माळरान. तारेच्या कुंपणाचे कोळसा झालेले खांब.]

८ जुलै २०१२. सुट्टी संपून चारच दिवस झाले होते. ऑरेगनच्या आग्नेय कोपऱ्यात विजा पडल्या. शेजारच्या मॅल्युअर काउंटीत ‘लाँग ड्रॉ’ वणवा पेटला आणि साडेपाच लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. इकडे हार्नी काउंटीत, फ्रेंचग्लेन गावाच्या बाजूला, ‘मिलर होमस्टेड’ वणव्याने दीड लाखांहून जास्त एकर खाल्ले. कुरणं गेली, गुरं गेली.

या उघड्या माळावरचे मोठे वणवे बहुतांशी विजेचे. देशभराचं चित्र मात्र वेगळं आहे. १९९२ ते २०१२ या काळातल्या अमेरिकेतल्या वणव्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के वणवे माणसांनी लावलेले निघाले, आणि माणसांनी लावलेल्या वणव्यांत वर्षातला पहिल्या क्रमांकाचा दिवस होता चार जुलै. म्हणून इथल्या सरकारी जमिनींवर फटाक्यांना बंदी आहे, आणि काउंटीची सुमारे पाऊण जमीन सरकारीच आहे. पण ठिणगीला फटाकाच लागतो असं नाही. उंच गवतात उभी केलेली गाडी, तिचा तापलेला एक्झॉस्ट, मागच्या ट्रेलरची रस्त्यावर घासणारी साखळी, एवढं पुरतं.

[दृश्य : कापलेल्या गवताच्या ओळी. बाजूला पाण्याची टाकी चढवलेला जुना ट्रक.]

सुट्टी नसलेली माणसं मात्र हाच अंदाज दोन कारणांनी वाचतात. जुलै हा गवत कापणीचा महिना. कापून पडलेल्या गवतावर सर आली तर हिवाळ्याचा चारा काळा पडतो. आणि सर न येता वीज आली, तर तोच शेतकरी पाण्याचा ट्रक घेऊन निघतो. १९६०च्या दशकापासून पूर्व ऑरेगनमधल्या पशुपालकांनी माळरान अग्निसंरक्षण संघटना उभ्या केल्या आहेत. सरकारी पथक येईतो तासन्‌तास जातील अशा जागी पहिलं पाणी बहुतेक त्यांचंच पडतं.

सोमवारी गाड्या पश्चिमेला परततात. पण शनिवारी जुनिपरच्या एखाद्या खोडात शिरलेली वीज आत दोन-तीन दिवस धुमसत राहू शकते. धूरही फारसा दिसत नाही. मग कोरडी वाऱ्याची झुळूक येते, दिशा बदलते आणि खोड पेट घेतं. म्हणून मंगळवारचा अंदाज उघडला की इथली माणसं कमाल तापमान, ढग, पाऊस सगळं वगळून आधी वाऱ्याच्या ओळीवर जातात.