राखेच्या बुधवाराआधीची लगीनघाई

श्रोतेहो, नमस्कार.

वसईकडच्या ख्रिस्ती श्रोत्यांना राखेचा बुधवार आणि त्यानंतरचा, ईस्टरपर्यंत चालणारा उपवासकाळ वेगळा सांगायला नको. या काळात चर्च सहसा लग्न लावत नसे. त्यामुळे जुन्या आयर्लंडच्या खेड्यांत ६ जानेवारीचा सण सरला की मध्यस्थ बाहेर पडत, आणि त्या बुधवाराच्या आदल्या दिवशी तर लग्नांची झुंबड उडे.

बोलणी व्हायची ती जमिनीवरून. मुलीचा बाप मुलाचं शेत पायी फिरून पाही, गुरं मोजे, मग हुंड्याची घासाघीस. १८४५ साली बटाट्याचं पीक सडलं, मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर शेताचे तुकडे करणं लोकांनी जवळजवळ सोडलंच. शेत एकाच मुलाला मिळे. बायकोचा हुंडा आला की बहुधा त्यातूनच त्याच्या बहिणीला उजवायचं. बाकीच्या भावंडांनी अमेरिकेची बोट धरायची, नाहीतर बिनलग्नाचं राहायचं.

आणि राहिलेल्यांची गाव मस्त टिंगल करी. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेला निघालेल्या अविवाहितांच्या पाठीवर पोरं खडूनं रेघा ओढत. कुठे सोमवारी अंगावर मीठ टाकत, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत माल टिकेल! आयर्लंडच्या नैऋत्येकडच्या केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर स्केलिग मायकल हे खडकाळ बेट आहे. तिथे उपवासकाळ उशिरा सुरू होतो, असा समज होता. मग काय, कोणी कोणाबरोबर तिकडे लग्नाला पळावं, याच्या जोड्या लावून चावट कवनं रचली जात. मला यातला विनोद जरा निर्दयच वाटतो. शेत धाकट्याला मिळालं, यात थोरल्याचा काय दोष?

समजुतीही बऱ्याच होत्या. मे महिन्यातलं लग्न पस्तावा देतं, शनिवार अशुभ, हिरवा रंग नवरीनं टाळावा. कारण तो पऱ्यांचा. या पऱ्या काही गोड नव्हेत, नवरी पळवणाऱ्या. नाचताना तिचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले, तर ती त्यांच्या तावडीत सापडलीच म्हणून समजा.

रात्री गवताचे उंच मुखवटे घातलेली पोरं आमंत्रणाशिवाय मांडवात घुसत. त्यांचा म्होरक्या नवरीबरोबर नाचे. कोणी त्यांना हुसकावत नसे, कारण त्यांचं येणं शुभ मानत. पश्चिम आयर्लंडमधल्या काही लग्नांत ती अजूनही येतात. आता मात्र बऱ्याचदा घरच्यांनीच गुपचूप बोलावलेली असतात.