तीनदा ‘मेडे’

नमस्कार श्रोतेहो. विमान संकटात सापडलं की वैमानिक आधी विमान सांभाळतो, मग दिशा ठरवतो, आणि त्यानंतर बोलतो. पण बोलतो ते ठरलेल्या शब्दांतच. जिवावर बेतलं असेल तर ‘मेडे’, तीनदा. तातडी आहे पण जिवावरचं नाही, तर ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा.

२५ जानेवारी १९९०ची रात्र. कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्ककडे येत होतं. खराब हवेमुळे त्याला तीनदा मिळून तासाहून जास्त वेळ घिरट्या घालाव्या लागल्या. ‘आम्हाला प्राधान्य हवं,’ सहवैमानिक म्हणाला. पर्यायी विमानतळ म्हणून ठरलेल्या बोस्टनलाही आता जाता येणार नाही, इंधन नाही, हेही त्याने सांगितलं. ते जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या पुढच्या नियंत्रकापर्यंत पोचलं नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टन म्हणाला, ‘आपण इमर्जन्सीत आहोत, सांग त्यांना.’ सहवैमानिकाने विमानतळाच्या टॉवरने दिलेली दिशा त्यांना परत म्हणून दाखवली, ‘पुन्हा प्रयत्न करतो’ म्हणाला आणि शेवटी जोडलं, ‘इंधन संपत आलंय.’ इमर्जन्सी हा शब्द आलाच नाही. कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस का? हो, सांगितलं. नियंत्रक त्यांना १५ मैल लांब नेऊन वळवणार होता. इंधनाचं जमेल ना, असं त्याने विचारलंही. उत्तर आलं, ‘जमेल बहुतेक, आभारी आहे.’ थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवर कोव्ह नेकला विमान कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आग लागली नाही. पेटायला इंधनच उरलं नव्हतं.

‘इंधन संपत आलंय’ ऐकून नियंत्रक आकाश मोकळं करत नाही. ‘मेडे’ ऐकला की करतो. आता नियम स्पष्ट आहे: ‘मिनिमम फ्यूएल’, म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, असं म्हटल्याने प्राधान्य मिळत नाही. जवळच्या योग्य विमानतळावर उतरताना जेट विमानात ३० मिनिटांपेक्षा कमी इंधन उरणार असेल, तर तीनदा ‘मेडे’ आणि पुढे ‘फ्यूएल’.

‘मेडे’नंतर संदेशात क्रमाने सांगायचं: कोणाला उद्देशून, विमानाची ओळख, काय झालं, काय करणार, कुठे आहोत, उंची, दिशा. विमानात माणसं किती, इंधन किती मिनिटांचं. १०८ला फोन करतानाही असंच हवं: आधी पत्ता, खुणेसकट, मग काय झालं ते. घरोघरी तो पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, पाहुण्यालाही वाचता येईल असा.

विमानात ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आकडा लावायचा, म्हणजे रडारवर ते विमान लगेच वेगळं दिसतं. आधीपासून ज्या फ्रीक्वेन्सीवर बोलणं चालू आहे, तिथेच बोलायचं. उत्तर आलं नाही तर १२१.५ मेगाहर्ट्झ, ही संकटासाठी राखलेली फ्रीक्वेन्सी.