भांडला, भांडतो, भांडखोर

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, एवढ्या गारठ्यात पंचवटीतला माणूस संध्याकाळी घराबाहेर पडतो तो एक तर चहासाठी, नाही तर बायकोशी वाजलं म्हणून. तुम्ही व्याख्यानाला आलात, आभारी आहे. पत्रिकेत विषय छापलाय, 'आपण माणसांवर शिक्के का मारतो?' शब्द संयोजकांचे. मला विचाराल तर हा विषय शिक्क्याचा नाहीच, प्रत्ययाचा आहे. छत्तीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं, मला दुसरं काही येतही नाही.

बघा हं. 'तो भांडला.' काल सकाळी, नळावर, त्याची बादली कुणी सरकवली म्हणून. काळ आहे, जागा आहे, कारण आहे. 'तो भांडतो.' इथे काळ जरा सैल झाला. आणि मग 'तो भांडखोर'. संपलं! नळ गेला, बादली गेली, ती सरकवणारा तर नामानिराळाच राहिला. 'खोर' हा फारसीतून आलेला, म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो हे कळतं, पण भांडण खाऊन कुणाचं पोट भरलंय? आणि मराठीत याचा कारखाना आहे. रडला की रडका, चिडला की चिडका, विसरला की विसराळू, दोन वाक्यं जास्त बोलला की बडबड्या. 'मारका' हा खरा बैलाचा शब्द. तो आम्हा मास्तर लोकांनी स्वकष्टाने मिळवला. व्याकरणात यांना धातुसाधितं म्हणतात. एका कृतीतून आख्खा माणूस साधायचा!

आडनावं घ्या. डोईफोडे नावाचा विद्यार्थी होता माझा. इतका गरीब की डबा कुणी खाल्ला तरी 'राहू द्या सर' म्हणायचा. कुणा खापरपणजोबाने एकदा कुणाचं डोकं फोडलं असेल, नसेलही, पण हजेरीला रोज मी त्याच्याकडून डोई फोडून घेत होतो. वाघमारे तर माझे शेजारीच आहेत. झुरळ निघालं की मला हाक मारतात. (हशा) ते आलेत का आज? आलेत. बरं, पुढे जाऊ.

आता माझं स्वतःचं सांगतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

1993 ची कोजागरी. आमच्या कॉलनीत गच्चीवर दूध. वर्गणी घरटी 25 रुपये. मी दहाच्या तीन नोटा दिल्या. खजिनदार म्हणाले, सुटे नाहीत, नंतर देतो. दूध आटायला साडेअकरा झाले. भेंड्या झाल्या, माझ्यावर 'ण' आला, तोही अन्याय, पण तो वेगळा. दूध प्यायलो. मसाला कमी होता, हे मी बोललो, कबूल आहे. निघताना जिन्याच्या तोंडाशी खजिनदारांना म्हटलं, "माझे पाच रुपये." मागे आठ-दहा जणं चपला शोधत होती. सगळी थांबली. खजिनदारांनी खिसे चाचपले, शेवटी त्यांच्या मुलीच्या मुठीतून पाचाची नोट निघाली. ती मी घेतली.

तुम्हाला वाटेल, आता मास्तर सांगणार की घरात आई आजारी होती, औषधाला पैसे नव्हते. तसलं काही नव्हतं. पाच रुपये माझे होते म्हणून मागितले.

त्या रात्रीपासून मी 'चिकट मास्तर'. पायी फिरायला निघालो, तर रिक्षाचे पैसे वाचवतो. गणपतीला 5 हजार दिले, तर करात सूट मिळत असेल. मुलीच्या लग्नात पंगतीला दोन गोडाचे पदार्थ केले, तर म्हणे एक नक्की व्याह्यांकडून असणार! माझं मीठच अळणी ठरलं होतं हो, खीर तरी गोड कशी लागावी? तीस वर्षांत मी जे जे केलं ते सगळं त्या पाच रुपयांच्या खाती जमा झालं.

मागच्या वर्षी हीच तक्रार मी घरात करत होतो. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तुम्ही त्या खजिनदारांना अजून पैसेखाऊ म्हणता, ते कशावरून?"

मंडळी, मी विचार केला. त्याच पाच रुपयांवरून. 'सुटे नाहीत' म्हणाले म्हणून. 'खाऊ' हेही धातुसाधितच.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत. सॉलोमन अ‍ॅश नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1946 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका माणसाचे सात गुण वाचून दाखवायचे: हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड'. मग विचारलं, हा माणूस उदार असेल का? पहिल्या गटात 91 टक्के हो म्हणाले, दुसऱ्या गटात 8. एक विशेषण बदललं! माझ्या कॉलनीत ते 8 टक्केही निघाले नसते. ली रॉस यांनी 1977 मध्ये या खोडीच्या दुसऱ्या बाजूला नाव दिलं: दुसऱ्याच्या वागण्यात आपल्याला त्याचा स्वभाव दिसतो, त्याची परिस्थिती दिसत नाही. आपल्याकडे बाब्या आणि कार्टं फार आधीपासून आहेत, पण त्यांना कुणी शोधनिबंधात घेतलं नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. पण माझ्यावरच्या शिक्क्यामागे निदान एक क्रियापद तरी होतं, मी पैसे मागितले होते. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. तिथे क्रियापद लागतच नव्हतं. जन्मलात, की पोलिसांच्या वहीत. हजेरी द्या, गाव सोडायला परवानगी घ्या. तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये, आणि मग या लोकांना नाव मिळालं 'विमुक्त'. म्हणजे तेही विशेषणच. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर बघा म्हणणारे आजही भेटतात. आणि लांब कशाला, इथून उठून काळाराम मंदिरापर्यंत चालत जा. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या दरवाजांसमोर सत्याग्रह सुरू झाला, आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. दारं बंद होती. बाहेर उभ्या असलेल्यांनी काय केलं होतं, असं कुणी आत विचारलं असेल? केलेलं काहीच नव्हतं...

झालं, घंटा वाजली. कार्याध्यक्षांनी पाकीट हातात दिलंय. फुगीर आहे. तीनशे डोळे पाकिटावर आहेत, हे मला इथून दिसतंय. वाघमारे तर पुढे सरकून बसलेत. इथे मोजणार नाही. रिक्षात मोजीन.