करार कधी संपतो, ते आधी विचारा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि दाराशी उभे असलेले सगळे पोट्टे, आत या. सतरंजीवर भरपूर जागा आहे.

फळ्यावर विषय लिहिलाय: ‘उतारवयात मोठ्या फुटबॉलपटूनं परदेशी क्लबात जावं का?’ हा वाद आपल्या पानठेल्यावरचा. २०२५ च्या उन्हाळ्यात क्रोएशियाचा लुका मॉड्रिच स्पेनचं रिआल माद्रिद सोडून इटलीच्या मिलानला गेला, चाळिशीला दोन महिने उरले असताना, आणि इथं दोन तट पडले. एक म्हणतो, ‘आता काय रायलं बे त्याच्यात?’ दुसरा म्हणतो, ‘पैशासाठी चालला.’ रोनाल्डो सौदीला गेला तेव्हा हेच, मेस्सी मायामीला गेला तेव्हाही हेच. वाद घाला, जरूर घाला. मात्र एक प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे: त्याचा करार कधी संपतो?

सालदाराचं उदाहरण घ्या. पाडव्याला साल संपतं. त्याआधीच, फाल्गुनात, दुसऱ्या शेतकऱ्याशी बोलणी झालेली असतात, आणि साल संपल्यावर जुना मालक त्याला अडवू शकत नाही. सालाच्या मध्ये मात्र जाता येत नाही, उचल फेडावी लागते. फुटबॉलमध्ये तेच आहे. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे करार करू शकतो, आणि मुदत संपली की फुकट जातो. हा हक्क आपसूक आला नाही. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान करार संपल्यावर फ्रान्समधल्या क्लबात जायला निघाला, तर जुन्या क्लबानं पैसे मागून त्याला अडकवून ठेवलं. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण तोवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आज एखादा खेळाडू पस्तिशीनंतर मानानं क्लब निवडतो तो या माणसाच्या जिवावर. त्याचं नाव पानठेल्यावर निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता फुकट जाणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. नवा क्लब जुन्याला मोजतो ती बदलीची रक्कम शून्य, म्हणून तो हाच पैसा पगारात आणि सही करतानाच्या बक्षिसात ओततो. पगाराचा मोठा आकडा ऐकून आपण ‘लालची’ म्हणतो. अरे, एरवी जुन्या क्लबाला गेले असते ते पैसे त्यात मिसळलेले असतात.

कागदाचं कामही सोपं नाही. दोन देशांमधली बदली फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, संगणक प्रणालीतून होते, २०१० पासून सक्तीनं. नवा क्लब खेळाडूची माहिती भरतो, करार, ओळखीचा पुरावा आणि आधीचा करार संपल्याचा पुरावा जोडतो. बदलीला पैसे असतील तर दोन्ही क्लबांनी आपापली नोंद भरायची, आणि त्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. हप्त्याची तारीख एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी, की गाडी अडली. मग नव्या देशाचा महासंघ जुन्या महासंघाकडे बदलीचा दाखला मागतो. हे सगळं नोंदणीच्या खिडकीत, म्हणजे वर्षातून दोनदाच येणाऱ्या ठरावीक मुदतीत.

खिडकी बंद झाल्यावर काय होतं? आद्रिएन सिल्वाला विचारा. २०१७ च्या ऑगस्टअखेर पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून तो इंग्लंडच्या लेस्टरला निघाला. सौदा ठरला, सह्या झाल्या. शेवटच्या दिवशी कागद प्रणालीत पोचले १४ सेकंद उशिरा. चौदा सेकंद! फिफानं नोंदणी नाकारली. कोट्यवधींचा खेळाडू, पोर्तुगालच्या युरोविजेत्या संघातला, जानेवारी २०१८ पर्यंत नुसता सराव करत राहिला. जुन्या क्लबात परत जाता येईना, नव्यात खेळता येईना. नंतर त्यानं अंगावर घातला तो १४ नंबर. तेव्हा तो २८ वर्षांचा होता, तरुण होता, चार महिने सोसले. ३८ व्या वर्षी चार महिने बसणं म्हणजे पाय गंजणं. म्हणून वयस्क खेळाडूला करार संपवूनच जाणं सोयीचं पडतं. खिडकी बंद होण्याआधी करार संपलेला असेल तर नंतरही नोंदणीला वाट असते. रोनाल्डोचा मँचेस्टर युनायटेडशी करार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आणि वर्षअखेर सौदीच्या अल नस्रची घोषणा झाली, तीही मोकळ्या हातानं, बदलीची रक्कम न मोजता.

आता माझं खरं दुखणं. परदेशी बदलीला पैसे मोजले की त्यातले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. धरा, दहा कोटींना बदली झाली. ५ टक्के म्हणजे पन्नास लाख. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक वर्षाला अडीच लाख, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला पाच लाख. पोरगं बारा ते पंधरा आपल्या मैदानावर खेळलं असेल तर आपल्या क्लबाला दहा लाख. काळ्या मातीच्या भेगांवर मुरूम टाकून, दाबून, वर नव्या जाळ्या लावून उरतील एवढे. २०१८ ला रोनाल्डो ३३ व्या वर्षी दहा कोटी युरोंना युव्हेंटसला गेला, तेव्हा स्पोर्टिंगचा हक्काचा वाटा त्यात होता. अल नस्रला फुकट गेला, वाटा शून्य. मेस्सी पॅरिसला २०२१ ला फुकट, मायामीला २०२३ ला फुकट. अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या ज्या नेवेल्स क्लबानं त्याला लहानपणी खेळवलं, त्यांच्या हाती या दोन्ही बदल्यांतून काही नाही. म्हातारपणीच्या बदलीत कुणावर अन्याय होत असेल तर तो इथं.

आणि हा वाटा नोंदीवर मिळतो. २०२२ पासून फिफाचं वेगळं केंद्र ही वाटणी करतं, खेळाडूचा नोंदणी-इतिहास बघून. आपल्याकडे? स्पर्धेच्या आदल्या रात्री वहीच्या पानावर अकरा नावं, वय दोन वर्षं कमी, निम्मे शेजारच्या गावचे. अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत नाव नाही, तर पुढं पोट्टा कुठंही पोचो, कागदावर आपलं गाव नसणार.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. रात्रपाळीची लाइन आली की तुमच्यापैकी निम्म्यांना ओलिताला जायचंय, तेव्हा फळ्यावरचा विषय भराभरा सांगतो.

वयाआधी जागा बघा. आधी जातो तो वेग, धाव घेऊन पुन्हा धावण्याची ताकद आणि सामन्यानंतर अंग भरून निघण्याचा वेळ. पासची नजर उशिरा जाते. म्हणून विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा, लवकर संपतो, मधल्या फळीतला टिकतो, गोलरक्षक सगळ्यांत जास्त. बुफॉन चाळिशीत पॅरिसला गेला. दिनो झोफनं चाळिशीत, १९८२ ला, इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला.

मग प्रवास आणि मैदान. अमेरिकेत एका सामन्यासाठी चार हजार किलोमीटर उडावं लागतं, काही मैदानं कृत्रिम गवताची, गुडघ्याला कडक. तरी स्वीडनचा इब्राहिमोविच गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर २०१८ ला तिथं गेला, गोल केले, मिलानला परतला आणि २०२२ ला चाळिशीत लीग जिंकला. नेमार ३१ व्या वर्षी सौदीच्या अल हिलालला गेला, दोन महिन्यांत ब्राझीलकडून खेळताना गुडघा गेला, आणि जानेवारी २०२५ ला करारच मोडला. तेव्हा कराराची लांबीही बघा: उतारवयात एक वर्ष आणि पुढच्या वर्षाचा पर्याय, एवढंच दोघांच्या हिताचं.

मॉड्रिच मधल्या फळीतला, माद्रिदचा करार संपलेला, मिलानचा प्रवास छोटा. त्यानं जायलाच हवं होतं. तोच जर पस्तिशीचा विंगर असता आणि तीन वर्षांचा करार घेऊन निघाला असता, तर मी ‘थांब’ म्हणालो असतो.