मिठाच्या गावची स्वेत्लाना

श्रोतेहो, नमस्कार.

हँडबॉलमध्ये चेंडू हातात धरून तीनच पावलं टाकता येतात. चौथं पडलं की चेंडू समोरच्या संघाचा. गोलपुढच्या सहा मीटर रेषेच्या आत गोलरक्षकाखेरीज कुणी पाय टेकवायचा नाही. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून झेपावते आणि पाय जमिनीला लागायच्या आत, हवेतच, चेंडू फेकते. समोर बचावाचे उंचावलेले हात, त्यांच्यामागे गोलरक्षक. कुठल्या कोपऱ्यात मारायचं, हे त्या एवढ्याशा अवधीत ठरवायचं.

अशा खेळात स्वेत्लाना कितिचने आपल्या देशासाठी, युगोस्लाव्हियासाठी, २०२ सामन्यांत ९११ गोल केले. म्हणजे सामन्यामागे साधारण साडेचार! मला हा आकडा दर वेळी नव्याने थक्क करतो.

तिचा जन्म १९६० सालचा, तेव्हा युगोस्लाव्हियात असलेल्या बोस्नियातल्या तुझ्ला गावचा. हे गाव मिठासाठी जुन्या काळापासून ओळखलं जातं. त्याचं नावच मुळी मिठाच्या तुर्की शब्दावरून पडलं. तिथून ती देशाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या राद्निच्की क्लबात आली. १९७६, १९८० आणि १९८४ अशी तीन वेळा युरोपची विजेती ठरलेली ही संस्था.

महिलांचं हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९७६ साली. पुढच्याच, मॉस्कोच्या स्पर्धेत युगोस्लाव्हियाने रौप्यपदक मिळवलं. वीस वर्षांची स्वेत्लाना त्या संघात होती. मग आलं १९८४, लॉस एंजेलिस. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे सुवर्ण सोपं गेलं असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. समोर कोरिया होता, चीन होता, पश्चिम जर्मनी होता. आणि युगोस्लाव्हियाच्या मुलींनी पाचपैकी पाच सामने जिंकले.

त्या संघातली नावं ऐका. तुझ्लाची स्वेत्लाना, मोस्तारची यास्ना कोलार-मेर्दान, स्लोव्हेनियाची आलेंका त्सुदेरमान. सगळ्यांच्या अंगावर एकच जर्सी, सगळ्यांसाठी एकच राष्ट्रगीत. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने वर्षातली सर्वोत्तम खेळाडू निवडायला सुरुवात केली, तेव्हा महिलांमधला पहिलाच मान स्वेत्लानाला मिळाला. १९९० च्या विश्वचषकात संघाला पुन्हा रौप्य मिळालं.

आणि त्यानंतर देशच फुटला. युद्ध पेटलं, निर्बंध आले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उरलेल्या युगोस्लाव्हियाच्या खेळाडूंना फक्त वैयक्तिक खेळांत, तेही स्वतंत्र म्हणून, उतरू दिलं गेलं. सांघिक खेळांची दारं बंद झाली. ज्या मुलींनी एकमेकींना डोळे झाकून चेंडू दिला होता, त्यांची गावं आता वेगवेगळ्या देशांत गेली होती. हे सांगताना माझा आवाज जड होतो, श्रोतेहो.

२०१० साली महासंघाने जगभरच्या चाहत्यांना विचारलं, आजवरची सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू कोण? कौल स्वेत्लाना कितिचला मिळाला. तिने ज्या देशासाठी ते ९११ गोल केले, तो तेव्हा कुठल्याच नकाशावर उरला नव्हता.

नमस्कार.